रिकाम्या जागेवरचा हुकूम

2020 सालच्या टाळेबंदीत बंगळूरचे कार्यालय बंद झाले, तेव्हा मी चिमूरच्या वडिलोपार्जित घरी येऊन माजघरातल्या मेजावर आपले नित्याचे काम मांडले. चिपचा आराखडा कारखान्यात जाण्यापूर्वी त्यावर यादृच्छिक आदानांचा मारा करून दोष हुडकणे हा माझा व्यवसाय. आणि 2005 साली आय-ट्रिपल-ईच्या 1800 क्रमांकाच्या प्रमाणाने मान्यता पावलेली ‘सिस्टिम-व्हेरिलॉग’ ही त्या व्यवसायाची भाषा.

वारशाने माझ्याकडे आलेल्या एका चाचणीसंचात पॅकेटचा क्लास होता व त्याच्या पोटात हेडरचा स्वतंत्र ऑब्जेक्ट होता. पॅकेटवर ‘रँडमाईझ’ चालवले की मजकूर दरवेळी निराळा येई, हेडरमधला पत्ता मात्र सदैव शून्य; आणि तरीही कार्यसिद्धीचा निदर्शक असा ‘एक’ हा आकडा ते फंक्शन बिनदिक्कत परत करी. हेडरच्या आतील चलांना ‘रँड’ हे विशेषण होते, परंतु पॅकेटमधील हेडरच्या हँडलला ते नव्हते, एवढेच त्याचे कारण. तहसील कचेरीत हयात घालवलेल्या बाबांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, “म्हणजे तहसीलदाराच्या नावे हुकूम निघाला, पण तो खाली साझ्यावर पाठवावा असा शेराच कोणी मारला नाही!” स्वतंत्र जिल्ह्याची मागणी वर्षानुवर्षे करीत आलेल्या आमच्या गावाला हुकूम आणि अंमल यांतले अंतर निराळे समजावून द्यावे लागत नाही.

‘रँड’चा हा शेरा मारल्यावरही हेडरांच्या एका गतिशील यादीत नवे प्रश्न उपस्थित झाले. यादीची लांबी यादृच्छिकपणे वाढे, पण वाढलेल्या जागा ‘नल’च राहत, कारण रँडमाईझ असलेल्या ऑब्जेक्टमध्ये मूल्ये भरते, नसलेला ऑब्जेक्ट निर्माण करीत नाही. पद मंजूर, पण तलाठ्याची नेमणूक नाही, असा तो प्रकार. ‘न्यू’ म्हणून ते ऑब्जेक्ट आधीच निर्माण करून ठेवावे लागतात.

मात्र ही महसुली उतरंडीची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. पॅकेटची लांबी आणि हेडरमध्ये नोंदलेली लांबी समान असावी, असे बंधन घातले, तर वरचा आधी ठरवून खालच्यास कळवतो असे होत नाही. सर्व स्तरांवरील ‘रँड’ चले व बंधने एकाच वेळी, एकाच समीकरणसंचाप्रमाणे सोडवली जातात. या रचनेचे खरे सौंदर्य मला इथेच दिसते.

व्हेरिसिटीच्या ‘ई’ भाषेत रिवाज उलट आहे: आतला घटक आपोआप निर्माण होतो व भरलाही जातो, आणि नको असल्यास त्यापूर्वी उद्गारचिन्ह लिहावे लागते. मला तीच रीत अधिक न्याय्य वाटते, कारण तिथे विस्मरणाने परीक्षणाचे क्षेत्र आक्रसत नाही. पण बाजार सिस्टिम-व्हेरिलॉगचा आहे. तेव्हा या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांनी परत आलेल्या ‘एक’वर न विसंबता, आतल्या प्रत्येक घटकाचे मूल्य खरोखर बदलते आहे की नाही, हे कव्हरेजच्या अहवालात आधी पाहून घ्यावे.