अगस्तीच्याही खाली

पाबळला पोचल्यावर पहिली कुरबुर केली ती माउंटने. दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटच्या एका दांडीला लोखंडी काउंटरवेट असतं, आणि ते फिरता फिरता ट्रायपॉडच्या पायावर येऊन थडकलं. एडिंबऱ्यात हेच माउंट वर्षानुवर्षं वापरतोय, तिथे असं कधी झालं नव्हतं. कारण भूगोलात आहे. माउंटचा एक आस आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखून ठेवावा लागतो. मग पृथ्वी जेवढी पूर्वेला वळते तेवढंच माउंट दुर्बिणीला पश्चिमेकडे नेतं आणि तारा कॅमेऱ्यात जागचा हलत नाही. एडिंबऱ्यात हा बिंदू क्षितिजापासून ५६ अंशांवर, पाबळला १९ अंशांच्या आतबाहेर. आस इतका आडवा केला की काउंटरवेटची दांडी जवळजवळ सरळ खाली लोंबते आणि पायाला लागते. ही यंत्रं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे युरोप-अमेरिकेचं आकाश असणार. शेवटी ट्रायपॉड फिरवला, दोन पायांमधली फट उत्तरेला आणली आणि वजनाला झुलायला जागा करून दिली.

मी मूळ दादरचा. दादरच्या गच्चीवरून चंद्र, शुक्र, गुरू आणि विमानं दिसायची. तारे मला दिसले ते स्कॉटलंडमध्ये, आणि त्यांचा नाद लागला तोही तिथेच. त्यामुळे माझं सगळं आकाश उत्तरेचं. अगस्ती हा आकाशातला व्याधाच्या खालोखालचा तेजस्वी तारा, पण तो मी फक्त नकाशात पाहिला होता. एडिंबऱ्याच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. तिथल्या आमच्या क्लबातले लोक दक्षिणेचं आकाश टिपायचं म्हणून पैसे साठवून नामिबियाला जातात. तिथे खास दुर्बीणवाल्यांसाठी चालवलेल्या शेतघरांत उतरतात आणि परत आले की वर्षभर त्याच फोटोंवर बोलतात. हा प्रकार जुना आहे. स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ 1856 साली एडिंबऱ्याचं आभाळ सोडून टेनेरिफच्या डोंगरावर दुर्बिणी घेऊन गेले होते. मी आलो पाबळला. एका मित्राच्या नात्यात तिथे मळा होता, एवढंच निमित्त.

पाबळ शिरूर तालुक्यात, पुण्याहून साठेक किलोमीटर. लोक दोन गोष्टींसाठी नाव काढतात. एक मस्तानीची कबर. दुसरा विज्ञान आश्रम, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला. तिथले अर्धगोल घुमट लांबून पाहिले आणि मला वाटलं, ही वेधशाळाच! तसं काही नाही, ती राहण्या-शिकण्याची घरं आहेत. पण एमआयटीतल्या मंडळींनी त्यांची फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून बघायची कार्यशाळा, अमेरिकेबाहेर मांडायची ठरवली तेव्हा 2002 मध्ये ज्या अगदी सुरुवातीच्या जागा निवडल्या, त्यांत हे कोरडवाहू गाव होतं. हातांनी करून शिकायचं हे कलबागांचं सूत्र आमच्या छंदालाही लागू पडतं. या नादात माणूस आकाशाकडे कमी आणि वायरी, नटबोल्ट, बॅटऱ्या यांच्याकडेच जास्त बघतो.

रात्र निवडली होती महाशिवरात्रीची. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे अमावास्येच्या तोंडावरची रात्र, चंद्राचा उपद्रव नाही, आणि गाव जागं असल्यामुळे अपरात्री शेतात दिवा हलताना पाहून कोणी काठी घेऊन धावून येणार नाही. यजमानांनी मात्र बजावलं होतं, "एकटं उसाच्या कडेला जाऊ नका, बिबट्या फिरतोय." जुन्नर-आंबेगावपासून शिरूरपर्यंत हे वाक्य आता हवापाण्याच्या गप्पांसारखं बोललं जातं. एडिंबऱ्यात दुर्बीण लावताना फार तर एखादा कोल्हा येऊन हुंगून जातो.

पहिला धक्का अंधाराचाच. सूर्य मावळला आणि सव्वा तासात पूर्ण रात्र. एडिंबऱ्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पूर्ण रात्र होतच नाही. सूर्य क्षितिजाखाली पुरेसा जात नाही, आणि मध्यरात्रीही उत्तरेला फिकट उजेड असतो. इथे संधिप्रकाश सरला आणि पश्चिमेला एक पांढुरका पट्टा सरळ उभा राहिलेला दिसला. पुण्याचा उजेड म्हणावा तर तो नैर्ऋत्येला, बुटका आणि पसरट होता. हा उंच, वर निमुळता होत गेलेला. ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतणारा तो सूर्याचाच प्रकाश. आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि कॅमेरा अजून पेटीतच होता.

मग ध्रुव. तो शेवग्याच्या फांद्यांआड सापडला. नुसता ध्रुवतारा धरून भागत नाही. खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून चंद्राच्या व्यासाहून थोडा जास्त लांब असतो आणि आस तिथे रोखावा लागतो. ते करताना ध्यानात आलं की मी नाकासमोर ज्या दिशेला पाहतोय तिथेच, तीसेक किलोमीटरवर, खोडद आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पाबळ आणि खोडद जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. माझा कॅमेरा तापलेल्या हायड्रोजनचा लाल उजेड टिपणार होता, ६५६ नॅनोमीटरचा. तिकडच्या तबकड्या थंड हायड्रोजनचा रेडिओ संदेश ऐकतात, २१ सेंटिमीटरचा. एकाच वायूच्या मागे आम्ही दोघे, फक्त त्यांना ढगांची पर्वा नाही.

आठच्या सुमारास मृगातला तेजोमेघ डोक्याजवळ होता. ६६ अंश! एडिंबऱ्यात तो २९ अंशांपलीकडे चढत नाही, घरांच्या धुराड्यांवरून घसरत जातो. इथे व्याध आणि तिकांडे बघायला मान मागे टाकावी लागली. आणि त्यांच्याखाली, थेट दक्षिणेला, अगस्ती. स्थिर, पिवळट पांढरा, कांद्याच्या शेतापलीकडच्या विजेच्या खांबाच्या बराच वर. यजमानांच्या आईंना मी उत्साहाने तो दाखवला. त्या म्हणाल्या, "हां, अगस्ती. असतोच की तिथं." पुढे काही बोलण्यासारखं त्यांनी ठेवलं नाही.

आता थोडं उजेडाबद्दल, कारण त्यावाचून ही गोष्ट अर्धीच राहील. काळोखाच्या नऊ पायऱ्यांची एक पट्टी जॉन बोर्टल या अमेरिकन हौशी निरीक्षकाने 2001 मध्ये मांडली. पहिली पायरी निखळ काळी, नववी म्हणजे महानगराचा मध्य. पाबळचा मळा मी माझ्या डोळ्यांनी चौथ्या-पाचव्या पायरीवर बसवला. ईशान्येला पारनेरच्या पठाराकडे आकाश खरोखर काळं आहे. पण नैर्ऋत्येला पुणे, पश्चिमेला चाकण, दक्षिणेला शिक्रापूर-सणसवाडी, आग्नेयेला रांजणगावची एमआयडीसी, आणि या सगळ्यांवर पांढऱ्या एलईडीचा फिका घुमट. म्हणजे झालंय असं, की नामिबियाचं विमान पकडून लोक जे बघायला जातात ते पाबळला दक्षिणेच्या खालच्या तीस अंशांत फुकट उगवतं, आणि नेमके तेच तीस अंश आपण उजळून टाकले आहेत. कारखाने नकोत असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः पोटापाण्यासाठी समुद्रापार गेलेला माणूस. पण दिवा जमिनीकडे तोंड करून बसवायला जास्त पैसे लागत नाहीत. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती असेच दिवे बदलून.

एकच्या सुमारास नौकातल तारकासमूह दक्षिणेला आला. त्यातला तेजोमेघ क्षितिजापासून जेमतेम साडेअकरा अंश. एवढ्या खाली बघताना डोक्यावरच्या हवेच्या पाचपट हवा आडवी येते, शिवाय शेतातली धूळ आणि जाळलेल्या पाचटाचा धूर. मी हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर लावला. हा फिल्टर लाल रंगाची एक बारीक फट सोडून बाकी सगळं अडवतो, एलईडीचा बहुतेक उजेडही. तीन मिनिटांची पहिली फ्रेम पडद्यावर आली. डोळ्यांना तिथे नुसता करडा धुरकटपणा होता, आणि फ्रेममध्ये मधोमध काळ्या धुळीच्या भेगा पडलेला एक प्रचंड मेघ. साडेसात हजार प्रकाशवर्षांवरचा, मृगातल्या तेजोमेघापेक्षा किती तरी विस्तीर्ण. मी मराठीत ओरडलो. स्कॉटलंडमध्ये मी इंग्रजीत पुटपुटतो.

याच मेघात ईटा नावाचा एक बेभरवशाचा तारा आहे. 1843 च्या मार्चमध्ये तो भडकला आणि काही दिवस अगस्तीलाही मागे टाकून व्याधाच्या खालोखाल दुसरा झाला. त्या वर्षी पाबळच्या आकाशात दक्षिणेला असे दोन ठसठशीत तारे दिसत असणार. एडिंबऱ्यात कुणालाच दिसले नसतील.

एक फ्रेम म्हणजे फोटो नव्हे. अशा डझनावारी घ्यायच्या, मग संगणकावर एकावर एक रचायच्या. त्याला स्टॅकिंग म्हणतात. तारा प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो, सेन्सरची खरखर दर वेळी वेगळी, म्हणून रचताना तारा साचत जातो आणि खरखर विरत जाते. हिशेब मात्र कंजूष आहे, खरखर निम्मी करायला फ्रेम चौपट लागतात. वर पुन्हा झाकण लावून डार्क घ्यायचे, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग वजा करता येतात. एकसारख्या उजेडावर फ्लॅट घ्यायचे, म्हणजे काचेवरच्या धुळीचे डाग निघून जातात. हे सांगितलं की कोणी तरी हमखास विचारतं, मग रंग खरे का? खरे. हायड्रोजन लालच असतो. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, हा डोळ्यांचा दोष.

तिसऱ्या की चौथ्या फ्रेमला अख्खं चित्र पांढरं झालं. बांधावरून हेडटॉर्च लावलेला एक माणूस येत होता. शेजारच्या मळ्यातले, कांद्याला पाणी द्यायला निघालेले. थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती.

"काय टिपताय, पाव्हणं?"

"दादा, बत्ती जरा खाली करता का? दक्षिणेचे तारे घेतोय."

त्यांनी बत्ती विझवलीच. "बिबट्यासाठी लावतो हो. न्हाईतर आम्हाला तरी कशाला पायजे." मग बराच वेळ ते मोटर सोडून माझ्या पडद्याशी बसले.

पावणेचारला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा थेट दक्षिणेला आला. चोवीस अंशांवर, अगस्तीपेक्षाही सुखात. नुसत्या डोळ्यांना एक किंचित फुगलेला तारा. तो तारा नव्हे हे एडमंड हॅलीने 1677 मध्ये नोंदवलं. सतरा हजार प्रकाशवर्षांवर सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ. इथे फिल्टर कामाचा नाही. ताऱ्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो आणि एलईडीचाही, एकाला अडवलं की दुसरा जातो. म्हणून लहान लहान एक्स्पोजर घेतली. पडद्यावर कडेचे तारे सुटे दिसत होते, मध्यभागी मोजता न येणारी दाटी.

"मीठ सांडल्यागत," शेजारी म्हणाले. थोड्या वेळाने, "हे तुमच्याकडं दिसत न्हाई?"

"कधीच नाही. पृथ्वीची पाठ आड येते."

"मग तिकडं ऱ्हाऊन बघता काय?"

"ढग, दादा. बहुतेक वेळा ढग."

पुढच्या तासात त्रिशंकू पश्चिमेकडे कलला, वृश्चिकाची नांगी पूर्ण वर आली आणि तिच्यामागून आकाशगंगेचा गाभा. तो भाग मी टिपला नाही, नुसता पाहिला.

सकाळी सूर्य. जमीन तापायच्या आत काम उरकावं लागतं, एकदा ढेकळं तापली की सूर्याची कड उकळल्यासारखी हलते. गाळणीची चंदेरी फिल्म दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर पक्की बांधली. डोळ्याकडच्या टोकाला फिल्टर लावून सूर्य पाहणं म्हणजे डोळा गमावणं. पद्धत रात्रीच्या उलटी. उजेड मुबलक, म्हणून व्हिडिओ घ्यायचा, हजारो फ्रेममधल्या हवा क्षणभर थांबलेल्या तेवढ्या निवडायच्या आणि त्याच रचायच्या. चंद्रालाही हीच रीत. सूर्यावर त्या दिवशी डागांचा एक घोळका होता, त्यातला मोठा डाग पृथ्वीहून मोठा. मळ्यातली सगळी माणसं रांगेने बघून गेली. यजमानांच्या आई रात्री दुर्बिणीशी आल्या नव्हत्या, आता मात्र दोनदा आल्या.

या जिल्ह्याला सूर्य टिपणं नवं नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सगळ्यांत मोठी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला ते सामानसुमान घेऊन दौंडच्या पुढे, सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला गेले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही जेऊरलाच आले, चाळीस फुटी कॅमेरा बोटीतून आणून. तिकडे वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा असा लांब झोत टिपला की मोठ्या यंत्रांना त्याचा हेवा वाटावा. नायगामवालांची वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हे मी चहा पिता पिता शेजाऱ्यांना सांगत होतो. ते रात्रभर पाणी धरून आले होते, चिखलाचे पाय तसेच.

"चाळीस फुटी? बोटीतनं?"

"हो. अमेरिकेहून."

"आन गिराण किती वेळ?"

"दोन मिनिटं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "आन तेवढ्यात आभाळ आलं असतं तर?"

"तर कॅमेरा बांधून परत गेले असते."

"तुमच्यासारखीच म्हना की ती मानसं," ते म्हणाले, आणि विचारलं, संध्याकाळी चंद्राची कोर दिसेल का, का त्यालाही अजून दोन दिवस थांबावं लागेल.