आधी वार सांगा

कोल्हापूरकर असल्याची किंमत मोजावी लागते. ओळखीतलं कुणीही इकडं यायला निघालं की फोन येतो, दर्शनाच्या रांगेची चौकशी नावापुरती होते आणि मग खरा प्रश्न: "रात्री जेवायला कुठं जाऊ?" नावं सांगायला काय जातंय? ओपल आहे, पद्मा गेस्ट हाउस आहे, देहाती आहे, परख आहे. पण मी आधी उलटतपासणी घेतो. वार कुठला? बरोबर कोण कोण? कुणी पाळणारं आहे का?

वार अशासाठी, की इथं मटणाचे वार ठरलेले आहेत. बुधवार, शुक्रवार, रविवार. हॉटेलात ते रोज मिळतं हो, पण ज्या दिवशी अख्खं गाव खातं त्या दिवशी बोकडही ताजा आणि रस्साही ताजा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी निम्मी घरं पाळतात. श्रावणात तर विषयच नको.

पुण्याचा माझा एक मित्र बायको, पोरगं आणि आईला घेऊन आला तो नेमका बुधवारी आला. अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं अवघड होतं, कारण पोरगं पहिलीतलं, तिखटाला भिणारं, आणि काकू माळकरी. मित्राचा आग्रह एकच, "झणझणीत पाहिजे."

हे झणझणीत प्रकरण बाहेरच्यांनी आमच्या माथी मारलंय. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी मी पहिल्यांदा खाल्ली ती पुण्यात. आमच्याकडं कुणाच्या घरी ती होत नाही. तिखट आम्ही खातो, पण त्याच्या शेजारी पांढरा रस्सा ठेवूनच खातो, हे बाहेर कुणी सांगत नाही.

म्हणून त्यांना चकचकीत ठिकाणी न नेता एका साध्या खानावळीत नेलं. ताट आलं. सुकं मटण, खिमा, कांदा-लिंबू, चपाती, आणि दोन वाट्यांत तांबडा-पांढरा. मित्र सरळ सुक्यावर तुटून पडला. त्याला थांबवलं. आधी पांढरा, तोही नुसता वाटी तोंडाला लावून. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, आणि तिखटपणा म्हणाल तर मिरी-लवंगेचा, तो घशाशी गेल्यावर कळतो. लाल मिरचीचा त्यात स्पर्श नाही. मग तांबडा. वर तर्रीचा पातळ थर, खाली कांदा-लसूण चटणीचा वास. चपाती त्यात नुसती बुडवायची नाही, कुस्करायची.

खरी मजा वाढप्याची. दोन हातांत दोन भांडी घेऊन तो टेबलांमधून फिरतच असतो, विचारायचं नावाला. "तांबडा घ्या की पाव्हणं. पांढरा? आवो, घ्या, रस्सा काय मोजून असतोय व्हय?" मटण मोजून, रस्सा हवा तेवढा. कोल्हापुरात जागा कशी ओळखायची असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो: बसल्यावर वाढप्याकडं बघा. दुसरी वाटी मागावी लागली, तर पुढच्या वेळी दुसरीकडं जा. एसी, सजावट, भिंतीवरचे फेटेवाले पैलवान यांवरून काही कळत नाही.

पोराचा प्रश्न सोपा निघाला. त्याला अळणी रस्सा आणि भात दिला. इथली सगळी पोरं त्यावरच वाढतात. मटकावलं त्यानं.

काकू मात्र लॉजवर होत्या. "तुम्ही जाऊन या, माझं दूध-भातावर भागतंय," म्हणाल्या होत्या. शाकाहारी माणसाची या गावात उपासमार होते असं नाही. हायवेकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर आणि रोटी झकास मिळते. पण रात्रीचं एवढं लांब त्यांना जायचं नव्हतं.

पूर्वी अशा पाहुण्यांसाठी माझ्याकडं हुकमी बेत असायचा. पॅलेस थिएटरला नाटक, आणि शेजारी खासबागेत राजाभाऊंची भेळ. म्हातारी, पोरं, माळकरी सगळे त्यात बसायचे. 1915 साली उभं राहिलेलं ते थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं. आगीनंतर त्या बाजूनं जाताना भेळेवर माझं मन राहीना, मग मी पाहुण्यांना तिकडं न्यायचंच सोडलं.

जेवण झाल्यावर काकूंना बरोबर घेतलं आणि गंगावेशीत गेलो. तिथं रात्री दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात. समोर धार काढायची, ग्लासात भरायची, ग्राहकानं तिथंच उभ्यानं प्यायची. तालमीतल्या पोरांसाठी पडलेली ही चाल आता सगळ्यांची झालीय. ग्लास हातात येतो तेव्हा दूध अंगच्या उबेनं कोमट आणि वर बोटभर फेस. सुनेनं नाक मुरडलं. "न तापवता?" तिची शंका रास्तच होती. कच्चं दूध ज्याला मानवत नाही त्यानं उगाच मर्दुमकी दाखवू नये, सोळंकीकडं जाऊन कॉकटेल आइस्क्रीम खावं. नावावर जाऊ नका, त्यात दारूचा थेंब नसतो.

काकूंना शंका नव्हती. त्यांच्या माहेरी दावणीला म्हशी. त्यांनी आधी म्हशीची कास बघितली, मग गवळ्याला विचारलं, "दुसऱ्या वेताची का रं?"

"तिसऱ्या, आजी."

"मग फेस बरोबर हाय." आणि ग्लास एका दमात रिकामा. वरून दुसरा मागितला. मित्र पोटावर हात ठेवून बघत राहिला. त्याच्यात आता घोटभर दुधालाही जागा नव्हती.

लॉजवर सोडताना त्यानं विचारलंच, "उद्या रात्री मिसळ कुठं खायची?" रात्री नाहीच. मिसळ हा सकाळचा कारभार. उद्यमनगरात फडतऱ्यांकडं दुपारी उशिरा गेलात तर धुतलेली पातेली बघून परत याल. लवकर उठा, गर्दी असेल तर उभं राहा. आणि बसल्यावर पाव मागू नका, स्लाइस ब्रेडच येईल.