तिकडचं लायसन

आमच्या चंदगड भागाला बेळगाव जवळ; भाजी तिकडंच जाते. २०१९ साली पुतण्यानं पिकअपमधून भावकीतली वीस माणसं सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेली. मालाच्या गाडीत माणसं बसवली म्हणून कर्नाटकात त्याचं लायसन तीन महिने निलंबित झालं.

"काका, ते तिकडचं. आपल्याकडं कोण विचारतंय?" म्हणाला. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? विम्याचा हप्ता भरलेला होता. गाडीची चावी मीच दिली.

महिन्याभरात गावच्या वळणावर सायकलवाल्याला धडक बसली. बिचाऱ्याचा पाय मोडला. विमा कंपनीच्या माणसानं आधी लायसनच मागितलं. लायसन साऱ्या देशाला एकच. एका राज्यात निलंबित झालं की कुठंच गाडी चालवता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. नोंद संगणकावर होतीच.

अपघात न्यायाधिकरणाचा निकाल आला: जखमीला भरपाई कंपनीनं द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. मालक मी. दोन दुभत्या म्हशी विकल्या, तरी सोसायटीचं कर्ज काढावंच लागलं.

सायकलवाला आता बरा चालतो. बाजारात भेटला की रामराम घालतो. पुतण्या मात्र माझ्यासमोर मान वर करत नाही. त्याला काय बोलणार? चावी माझ्याच हातातली होती.