वाळक्या फांदीतील वसंत

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे रंगू लागले, की आम्हां व्यापाऱ्यांना दुसऱ्या कशाचे भान राहत नाही. मार्चअखेर जवळ आलेली असते. येणी-देणी आणि शिल्लक साठा यांतच मन गुंतते. पंचांगात वसंत चैत्रात लागतो; झाडांवर मात्र त्याची चाहूल माघातच लागते. पाने ढाळलेली काटेसावर लाल फुलांनी भरते. तिच्या मकरंदासाठी मैना, बुलबुल आणि हिवाळ्यासाठी दूरदेशाहून आलेल्या भोरड्या गर्दी करतात. आंब्याचा मोहर दरवळतो, पाठोपाठ पळस फुलतो.

या दिवसांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो तांबट. चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर व छातीवर तांबडा ठिपका असलेला हा पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो. तांबे ठोकल्यासारखा त्याचा ‘टुक्‌ टुक्‌’ आवाज मात्र भर दुपारीही ऐकू येतो. तो काड्यांचे घरटे बांधीत नाही. वाळून मऊ झालेल्या फांदीला चोचीने गोल भोक पाडून आत अंडी घालतो.

येथेच आपल्या विवेकाची परीक्षा आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हा संस्कार आपल्या घरांत बालपणीच होतो. म्हणून हिरव्या झाडावर कुऱ्हाड चालविताना हात अडखळतो. वाळकी फांदी मात्र आपण अचित्त मानतो आणि वर्षअखेरच्या साफसफाईत निःशंकपणे तोडवितो. त्याच फांदीच्या पोकळीत पंचेंद्रिय जीवाची पिले वाढत असू शकतात.

गेल्या फाल्गुनात आमच्या वखारीमागील शेवग्याची अशी फांदी तोडण्यास माणूस बोलाविला होता. फांदीच्या खालच्या अंगास ताजे भोक दिसले. त्याला ठरलेली मजुरी देऊन परत पाठविले आणि फांदी पत्र्यावर कोसळू नये म्हणून बांबूचा टेकू दिला. पिले उडून गेल्यावर, पावसाळ्यापूर्वी ती उतरविली.

मुनिराज ईर्यासमिती पाळताना पुढील चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकतात. श्रावकाने या ऋतूत दृष्टी थोडी वरही न्यावी. अष्टान्हिका पर्वात मंदिरास जाता-येता आपल्या अंगणातील, वखारीजवळील वाळक्या फांद्या खालून एकदा निरखाव्यात. भोक आढळल्यास पिले उडून जाईपर्यंत तोडणी थांबवावी. व्यापारात उधारीला आपण मुदत देतोच. तेवढी मुदत या जीवांनाही द्यावी.