भुऱ्याचं गाव कोणतं?

बदलीच्या नोकरीत घर मांडायची आणि मोडायची सवय होऊन जाते. कपाटं, शेगडी, देवांचा डबा, तुळशीची कुंडी, कशानंतर काय बांधायचं हे घरातल्या बाईला पाठ असतं. अडचण होते ती सामानाच्या यादीत लिहिता येत नाही अशा जिवाची.

जोधपूरला बँकेत अधिकारी असलेल्या एका मराठी कुटुंबापुढे ही अडचण जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी उभी राहिली. पुण्याला बदली झाल्याचं पत्र आलं होतं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तीच गोष्ट घडली होती, पण घरात पेढे आले नाहीत. दाराशी पायपुसण्यावर भुऱ्या झोपला होता.

भुऱ्या म्हणजे गावठी कुत्रा. रंग थेट वाळूचा. अडीच वर्षांपूर्वी पावसाळ्यात गटाराजवळ कुंईकुंई करणारं पिल्लू मुलाने शर्टात गुंडाळून आणलं. पुढे मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि भुऱ्या आईच्या वाट्याला आला. पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यात सासूबाईंना घरात कुत्रं चालत नाही. शेजारच्या बंगल्यातला माळी म्हणाला होता, "सोडून जा इथेच. इथलाच आहे तो, जगेल."

"खरंच आहे ते," यजमान म्हणाले. "वाळवंटात जन्मलेला जीव. त्याला पुण्यात नेऊन कोंडायचं कशाला?"

ती काही बोलली नाही. भांडी आवरून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, तीन वर्षांत आपण वाळवंट बघितलंच नाही. उद्या शनिवार आहे, दुसरा शनिवार. जाऊ या का? त्याला घेऊन."

कधी नव्हे ते तिने मागितलं होतं. शनिवारी पहाटे जुनी गाडी निघाली. मागच्या सीटवर जुनी चादर आणि पाण्याचे दोन कॅन. निघण्यापूर्वी भुऱ्याला खायला दिलं नव्हतं, कारण भरल्या पोटी कुत्र्यांना गाडी लागते. जाण्याचं ठिकाण ठरलं नव्हतं, पाणी मात्र ठरवून घेतलं होतं. कुत्र्याला घेऊन अचानक निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढं तरी करायलाच हवं. माणूस तहान लागली की सांगतो. कुत्रा नुसती जीभ बाहेर काढतो.

जोधपूरहून फलोदीच्या रस्त्याला लागलं की सुमारे ६५ किलोमीटरवर ओसियाँ येतं. सच्चियाय मातेचं देऊळ आणि त्याच्या आसपासची हजारेक वर्षांपूर्वीची कोरीव मंदिरं पाहायला लोक इथे येतात. गावाबाहेर मात्र वाळूच्या टेकड्या सुरू होतात. तिथे भुऱ्याला लांब दोरीवर सोडलं.

तिला वाळवंट म्हणजे रिकामी जागा वाटायची. जिथे बघण्यासारखं काही नाही, ते वाळवंट. भुऱ्याला तसं वाटलं नाही. तो पाच पावलं जाई आणि नाक खुपसून थांबे. तिने वाकून पाहिलं तर वाळूवर टाचणीने टोचल्यासारखी रेघ उमटलेली, रात्री गेलेल्या एखाद्या भुंग्याची. पुढे झुडपाच्या मुळाशी उंदरांची बिळं, ओळीने पाच-सहा. कुठे पक्ष्याची पावलं, कुठे सरपटत गेल्याची खूण. रात्रभर तिथे बाजार भरला असावा आणि सकाळी उठून गेला असावा, असा तो उतार होता.

थोड्या वेळाने भुऱ्या लंगडू लागला. पायात भुरट अडकलं होतं. हे इथलं गवत. त्याचं बोंड बारीक काट्यांचं असतं आणि केसांना, कापडाला, बोटांच्या बेचक्यांना घट्ट चिकटतं. दुष्काळात मारवाडच्या लोकांनी याच गवताचं बी दळून भाकरी खाल्ली आहे. तिने पर्समधला चिमटा काढला आणि एकेक काटा उपसला. भुऱ्याने पंजा तिच्या हातात ठेवून दिला होता.

सूर्य वर आल्यावर तिने हाताची पालथी बाजू वाळूवर टेकवून पाहिली. हात काही सेकंद सुखाने टेकवता येत नसेल तर ती जमीन कुत्र्याच्या पंजालाही चटके देते, ही साधी परीक्षा आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. जानेवारी होता म्हणून ठीक. ज्या फलोदीकडे ते निघाले होते तिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. उन्हाळ्यात इथे कुत्र्याला घेऊन सहलीला येणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

पुढच्या रस्त्याला शेतांच्या बांधाबांधांवर खेजडीची झाडं होती. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते ती. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तोडायला राजाची माणसं आली, तेव्हा झाडांना मिठ्या मारून ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. आजही बिश्नोईंच्या गावांजवळ चिंकारा हरणं शेतात निर्धास्त चरतात.

चहाच्या टपरीवर गाडी थांबली तेव्हा अशीच तीन हरणं समोरच्या शेतात होती. भुऱ्याचे कान उभे राहिले, अंग ताठ झालं. यजमानांनी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरली. टपरीवर बसलेले पांढऱ्या फेट्यातले आजोबा उठून जवळ आले आणि आधी दोरीकडे बघितलं.

"बांधलाय ना? मग बसा," ते म्हणाले. मग समजावलं, "शिकाऱ्यापेक्षा आता आम्हाला मोकाट कुत्र्यांची भीती जास्त. पाऊस पडून जमीन भुसभुशीत झाली की हरणाचे खूर रुततात, ते पळू शकत नाही. कुत्री टोळीने येतात. बाहेरची माणसं जाताना आपली कुत्री इथे सोडून देतात. म्हणतात, रानातला जीव रानात राहील. तो बिचारा उपाशी मरतो नाहीतर हरणाला मारतो."

चहाचे पैसे देताना यजमानांनी बायकोकडे पाहिलं नाही.

फलोदीत मुक्कामाची जागा शोधताना दोन ठिकाणी कुत्रा पाहून नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी अंगणात बांधण्याच्या बोलीवर खोली दिली. संध्याकाळी चुलीवर बाजरीच्या भाकऱ्या झाल्या. इकडे त्यांना सोगरा म्हणतात. पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची, ही त्या घरची रीत. भुऱ्याला तूप लावलेला सोगरा मिळाला.

रात्री थंडी झोंबू लागली. दिवसा तापणारी वाळू रात्री तितक्याच झपाट्याने निवते. बाराच्या सुमारास कुंपणाबाहेर गावातली कुत्री जमली. आधी एक, मग सात-आठ. परक्या कुत्र्याचा वास त्यांना लागला होता. ती कुंपणावर पाय टेकून गुरगुरत होती. दार उघडलं तेव्हा भुऱ्या शेपूट पोटाशी घेऊन भिंतीला चिकटला होता. त्यांच्याच रंगाचा, त्यांच्याच जातीचा, पण त्यांच्यातला नव्हता. त्या टोळीत त्याला जागा नव्हती आणि जागा लढून घ्यायची असते हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. यजमानांनी अंगावरचं ब्लँकेट काढलं, बाईंची परवानगी घेतली आणि त्याला खोलीत आणलं.

"इथलाच आहे तो, असं म्हणत होतो आपण," अंधारात ते म्हणाले.

"जन्म इथला," ती म्हणाली. "पण जगायला तो आपल्याकडे शिकला."

रविवारी सकाळी ते जवळच्या खिचन गावात गेले. मंगोलिया आणि मध्य आशियातून हजारो कुरजां पक्षी हिवाळ्यात इथे येतात. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. हे जगातले सर्वांत लहान क्रौंच. सप्टेंबरच्या सुमारास येतात, मार्चपर्यंत राहतात. पिढ्यान् पिढ्या गावकरी त्यांना दाणे टाकतात. २०२५ साली खिचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. दाण्याच्या जागेला कुंपण आहे, तेही कुत्र्यांपासून पक्ष्यांना जपण्यासाठीच.

त्यामुळे दोघांना एकत्र जाता येईना. आधी ते जाऊन आले. ती भुऱ्याची दोरी धरून दूर, गाडीजवळ थांबली. तेवढ्यात थवा उठला. डोक्यावरचं आभाळ त्या करकर आवाजाने भरून गेलं. मारवाडी लोकगीतांत दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला बायका याच कुरजांबरोबर निरोप धाडतात. तीन वर्षं तीही रोज पुण्याला मनातल्या मनात निरोप धाडत होती. भुऱ्या भुंकला नाही. मान वर करून बघत राहिला आणि मग तिच्या पायाला टेकून बसला.

ते परत आले तेव्हा ती म्हणाली, "मला बघून झालं. इथूनच दिसलं."

परतीच्या वाटेवर यजमान रेल्वेचे नियम आठवून सांगत होते. पहिल्या वर्गाची दोन किंवा चार बर्थची अख्खी खोली घेतली तर कुत्र्याला बरोबर नेता येतं, नाहीतर गार्डाच्या डब्यातली कुत्र्याची पेटी असतेच. सोसायटीचंही त्यांना ठाऊक होतं. जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच सांगितलंय, सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. जिना, लिफ्ट, स्वच्छता मात्र आपण सांभाळायची.

"नियमांचं होईल हो," ती म्हणाली. "आईंचं काय?"

ओसियाँच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांनी स्वतःच फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. भुरटाचे काटे, रात्रीची कुत्री, भिंतीला चिकटलेला भुऱ्या, सगळं सांगून झालं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"केस गळतात का रे त्याचे?" सासूबाईंनी विचारलं.

"गळतात."

"मग देवघरात यायचं नाही. आणि सकाळी फिरवायला तू न्यायचंस, तिने नाही. सोसायटीच्या बागेपर्यंत मीही येईन म्हणा. एकटीला जायचा कंटाळा येतो."

तिने मागे वळून पाहिलं. भुऱ्या चादरीवर पाय पसरून गाढ झोपला होता.