तळ्यांच्या गावी काचेचे तळे

बालाघाटास येणाऱ्या पाहुण्यास आम्ही प्रथम वैनगंगा दाखवितो आणि मग तळी. पूर्वी 'बुऱ्हा' म्हणून ओळखले जाणारे हे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिले व शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला; परंतु तळ्यांच्या पाण्यावर भात पिकविण्याची रीत दोहोंकडे एकच. पाऊस ओसरू लागला की आमच्या तळ्यांवर शिंगाड्याचे वेल पसरलेले दिसतात. उपवासाच्या पिठाचे हे मूळ पाहून पुण्या-मुंबईची मंडळी चकित होतात.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एक काचेची पेटी ठेविली आहे. तीत लहान मासे आणि वर कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी पिस्टिया. तिला माती लागत नाही. मुळे पाण्यात लोंबतात, माशांच्या विष्ठेतून उतरलेले नत्र शोषून घेतात, आणि त्यांच्या जाळीत पिल्ले दडतात. उजेड भरपूर असावा, पाणी फार हलू नये, झाकणावरचे थेंब पानांवर साचू नयेत. एवढे सांभाळले की रोपास बाजूने धुमारे फुटून पाहता पाहता पेटी भरते. मग निम्मे पाणी उघडे राहील इतकी रोपे काढावी लागतात. एरवी खाली उजेड पोहोचत नाही व प्राणवायू घटतो.

काढलेली रोपे आम्ही शाळेमागच्या तळ्यात टाकीत असू. एके दिवशी आठवीतील एका ढीमर मुलाने बादली उचलली आणि तो तसाच उभा राहिला. "सर, बाबा रोज हेच उपसून बाहेर टाकतात," तो हळूच म्हणाला. सायंकाळी आम्ही तळ्यावर गेलो. त्याचे वडील छातीभर पाण्यात उभे राहून बांबूने रोपे ओढीत होते. त्यांखाली शिंगाड्याचे वेल पिवळे पडले होते. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा उलट तेच संकोचले.

दक्षिण अमेरिकेची जलपर्णीही अशीच, शोभेची म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आली. तिने तेथील नद्या व भातखाचरे इतकी व्यापली की १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

आता आमची रोपे उन्हात पुरती वाळून खताच्या खड्ड्यात जातात. पेटीचे पाणी बागेतील आळ्यांत. ज्या वाचकांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनीही एवढे जरूर करावे. बादली नेण्याचे काम त्या मुलाने आपणहून मागून घेतले आहे.