मागे ओझं घालून चालव

लोणावळा, २० नोव्हेंबर

चि. निखिल यास,

तळेगावची २००७ सालची इंडिगो मरीना डिझेल तुझ्या मनात भरली आहे आणि रविवारी दुपारी एक चक्कर मारून सौदा पक्का करू म्हणतोस. एस्टेट गाडी घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या चकरेला. स्टेशनपासून सोमाटणे फाट्यापर्यंतचा सरळ रस्ता, गाडीत तू आणि मालक दोघंच, डिकी रिकामी, इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. अशा वेळी कुठलीही धड गाडी गोडच चालते. पवनानगरच्या शेतावरून तांदूळ, सामान आणि घरची माणसं आणायला तुला ही गाडी हवी आहे. मग ती भरलेल्या डिकीने, गार इंजिनावर आणि चढाला लावून बघ. एवढं करायचं नसेल तर टेस्ट ड्राइव्ह घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच.

एस्टेट ही जातच आपल्याकडे कधी रुजली नाही. टेल्कोने १९९२ मध्ये टाटा एस्टेट आणली आणि टाटा मोटर्स झालेल्या त्याच कंपनीने २००४ मध्ये मरीना. दोन्ही कामाच्या गाड्या होत्या. पण लोकांना पाठीमागे लांबलेली गाडी रुग्णवाहिकेसारखी दिसते, आणि दारात उभी केली की शेजाऱ्यांवर छाप पडत नाही. पुढे २०१७ मध्ये व्होल्वोची डिझेल व्ही-९० क्रॉस कंट्री इथे आली, पण ती तुझ्या-माझ्या खिशातली नव्हे. म्हणजे साध्या माणसाला डिझेल एस्टेट हवी तर जुनीच घ्यावी लागते. एरवी जुन्या गाडीची पारख दहा ओळखीच्यांकडे चौकशी करून होते. मरीना चालवलेले दहा जण तुला सापडणार नाहीत, म्हणून गाडीलाच विचारायला हवं.

ओझ्याचं एवढं का सांगते ते बघ. डिकीतलं वजन मागच्या चाकांच्याही मागे पडतं. पंचवीस-पंचवीस किलोचे चार कट्टे म्हणजे १०० किलो. वर मागच्या सीटवर दोन मोठी माणसं बसली की गाडीचं शेपूट बसतं आणि नाक उचलतं. मरीना इंडिकाच्या पायावर बांधलेली, म्हणजे ओढ पुढच्या चाकांना. चढावर भार आधीच मागे सरकलेला असतो, त्यात डिकी भरलेली. ज्या चाकांनी गाडी ओढायची तीच हलकी होतात. ओल्या किंवा बारीक खडी पसरलेल्या चढावर थांबून पुन्हा निघताना ती जागच्या जागी फिरतात. (जुन्या टाटा एस्टेटची ओढ मागच्या चाकांना होती, तिला हेच ओझं चढायला मदत करायचं.) थकलेले शॉकॲब्सॉर्बर रिकाम्या गाडीत कळत नाहीत. भरल्यावर खड्ड्यातून बाहेर पडली की गाडी एकदा हलून थांबते की दोन-तीन हेलकावे खाते, ते बघ. मागची चाकं वळणावर मडगार्डला घासतात का, तेही तेव्हाच समजतं. नाक वर गेलं की दिव्यांचा झोतही वर जातो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात तो झोत रस्त्यावर न पडता समोरच्या पांढऱ्यावर पडतो आणि आपल्यालाच काही दिसत नाही. झोत खाली घ्यायचं बटण डॅशबोर्डवर असेल तर ते चालतं का, एवढं मालकाला विचार.

आता डिझेलचं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटतं. म्हणून नोव्हेंबरातल्या मावळच्या सकाळी, रात्रभर उघड्यावर राहिलेलं इंजिन कसं चालू होतं, यावरून त्याची निम्मी प्रकृती कळते. पोचल्याबरोबर बॉनेटला हात लाव. कोमट लागलं तर चहा घेऊन परत येतो म्हणू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हण. हीटर प्लगचा दिवा विझल्यावर एका चावीत इंजिन लागायला हवं. सुरुवातीचा थोडा पांढुरका धूर मी सोडून देईन. गरम झाल्यावरही तो राहिला तर नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर पाय दाबल्यावर काळे लोट निघाले तर इंधन आणि हवेचं गणित बिघडलंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघ. तिथून भकाभक वाफारा येत असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्यात, मग बाकीचं बघायची गरज नाही.

या इंजिनाला टर्बो आहे, आणि कमी फेऱ्यांवर टर्बो झोपलेला असतो. ते तपासायला मळवलीहून भाज्यावरून लोहगडवाडीचा रस्ता धर. गायमुख खिंडीपर्यंत तो अरुंद आणि चांगलाच खडा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना गाडी दम सोडते का, पहिल्यात टाकावी लागते का, हे तिथे दोन वळणांत कळेल. मध्येच हँडब्रेक ओढून थांब आणि पुन्हा निघ; क्लच घसरत असेल तर जळका वास येईलच. (शनिवार-रविवारी तिथे जाऊ नकोस. लोहगडाला जाणाऱ्यांच्या गर्दीत गाडीपेक्षा तुझीच परीक्षा व्हायची.) मग लोणावळ्याहून खोपोलीला उतर आणि घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळावरून परत चढ. उतरताना गिअरमध्येच राहा. मालकच चालवत असेल आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करत असेल, तर त्याने आजवर ब्रेक किती जाळले असतील याचा हिशेब तिथेच मांड. खाली पोचेपर्यंत पेडल मऊ पडतंय का आणि वर येताना तापमानाचा काटा सरकतोय का, या दोन गोष्टी लिहून ठेव.

मालक म्हणेल, ही काय टेम्पो आहे का? त्याला सांग, घाटातलं डिझेल माझं, आणि कट्टे मीच चढवतो-उतरवतो. तरीही नाही म्हणाला तर कारण बहुधा गाडीतच आहे. तुझे बाबा म्हणतील, आपला मेकॅनिक बघून देईल. त्याने बघावंच. पण तो भागांची झीज सांगेल. भरलेली गाडी तुझ्या पायाला आणि तुझ्या रस्त्याला झेपते का, हे त्याच्या गॅरेजमध्ये दिसणार नाही. शोरूमवाले तरी नवी गाडी कुठे घाटात देतात, असंही कुणी म्हणेल. खरं आहे, पण नव्या गाडीच्या पाठीशी वॉरंटी असते. सगळ्यांत जड आक्षेप वेगळाच आहे: वर्षातले बहुतेक दिवस तू ही गाडी रिकामीच चालवणार, मग चार दिवसांच्या ओझ्यासाठी इतका खटाटोप कशाला? याचं उत्तर मला एवढंच सुचतं की ओझं खरंच चार दिवसांचं असेल तर एस्टेट घेऊच नये. साधी हॅचबॅक घ्यावी आणि तांदळाला कामशेतहून टेम्पो करावा. ओझं नेहमीचं असेल, तर मात्र ही परीक्षा टाळायला काही कारण उरत नाही.

कागदांचं थोडक्यात. गाडीला २०२२ मध्येच पंधरा वर्षं भरली. तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण झालं असेल तर ते पाच वर्षांपुरतंच, म्हणजे २०२७ ला पुन्हा पिंपरी-चिंचवड आरटीओत तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर. ती रक्कम भावातून वजा धर. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती माग. पावती नसेल तर त्याचाही खर्च धर. आणि विमा चालू आहे हे आरसी बुकाबरोबर स्वतः बघितल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नकोस.

रविवार रद्द कर. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी सातला जा, कट्टे बरोबर ने, आणि परत येईपर्यंत भावाचा शब्द काढू नकोस.

तुझी,
आत्या